कच्च्या माशाची गोष्ट : साशिमीच्या एका ताटलीचा इतिहास

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारचा तास आटोपून स्टाफरूममध्ये आलो आणि मोबाइल उघडला. टोकियोत नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने फोटो पाठवला होता. काळ्या ताटलीत मुळ्याचा पांढराशुभ्र कीस, त्यावर एक हिरवं पान आणि पानाला टेकवून ठेवलेले माशाचे काप. काही गडद लाल, काही केशरी, काही जवळपास आरपार दिसावेत इतके पांढरे. खाली लिहिलं होतं, "सर, ऑफिसमधल्या मित्राच्या घरी दावत आहे. त्याच्या आईने स्वतः केलंय. याला साशिमी म्हणतात. मासा कच्चा आहे. खाऊ का?"

संदेश येऊन पाऊण तास झाला होता. मी घाईघाईत टाइप केलं, "शी! कच्चा?" आणि पाठवण्याआधीच पुसून टाकलं.

पुसलं, कारण हा 'शी' माझ्या ओळखीचा आहे. बी.एड.ला असताना एकदा अम्मीने डब्यात सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. डबा उघडला तसा शेजारचा सहाध्यायी रुमाल नाकाला लावून उठला आणि म्हणाला, "तुम्ही लोक काहीही खाता." बोंबील कोकणातला कोळी खातो, कुणबी खातो, भंडारी खातो, मुसलमानही खातो. तरी त्याच्या 'तुम्ही लोक'मध्ये मी एकटाच बसत होतो. त्या दिवशी मी डबा बंद केला आणि उपाशीच तासाला गेलो. दुसऱ्याच्या ताटाबद्दल मत द्यायला माहितीची गरज लागत नाही, हे तेव्हा कळलं. आता मी शिक्षक आहे. तोच 'शी' माझ्या बोटांवर आलेला पाहून मला शरम वाटली.

मग ठरवलं, या ताटलीत काय काय आहे आणि ते तिथे कुठून आलं, हे आधी समजून घ्यायचं.

त्या स्वयंपाकघरात काय घडलं

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने फोनवर सगळं सांगितलं. तो लवकर पोहोचला होता आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता.

मित्राच्या आईने संध्याकाळीच सुपरमार्केटमधून मासा आणला होता. अख्खा मासा नव्हे, तर काटा, कातडं, खवले सगळं काढलेल्या आयताकृती वड्या. त्यांना 'साकु' म्हणतात. पाकिटावर 'साशिमीसाठी' असं छापलेलं होतं. दुकानात त्याच फळीवर तसाच दिसणारा दुसरा मासा होता, त्यावर 'शिजवण्यासाठी' असा शिक्का. ती म्हणाली, आधी हे लेबल वाचायचं, मग भाव.

ट्युनाची वडी गोठवलेली होती. ती तिने कोमट मिठाच्या पाण्यात मिनिटभर धुतली, कोरडी केली, कागदात गुंडाळली आणि फ्रिजमध्ये हळूहळू सुटू दिली. पूर्ण सुटण्याआधीच बाहेर काढली, कारण थोडा कडक असतानाच मासा नीट कापला जातो. फळी कोरडी, हात थंड, सुरी लांब. माशाचे धागे कुठल्या दिशेने गेलेत ते पाहून तिने त्यांच्या आडवं कापलं. सुरी टाचेपासून टोकापर्यंत एका ओढीत आपल्याकडे आणली. करवतीसारखं मागेपुढे एकदाही नाही. लाल ट्युनाचे काप बोटभर जाड, पांढऱ्या 'ताई' माशाचे मात्र तिरकस आणि पातळ, कारण त्याचं मांस घट्ट असतं, जाड काप चावत बसावा लागतो.

मग मांडणी. मागे मुळ्याच्या किसाचा छोटा ढीग, त्यावर शिसोचं पान (तुळशीच्याच कुळातलं), पुढे काप. तीन, पाच, सात असे विषम संख्येत. कडेला वासाबीचा हिरवा गोळा, बाजूला छोट्या वाटीत सोया सॉस. वाढताना तिने सांगितलं की आधी पांढरा मासा खायचा, मग लाल आणि चरबीवाला. नाहीतर पांढऱ्याची नाजूक चव हरवते. वासाबी वाटीत कालवायची नाही. कापावर कणभर ठेवायची आणि कापाचा कोपरा तेवढा सॉसला लावायचा.

"सर, तिने काहीच शिजवलं नाही," तो म्हणाला, "तरी अर्धा तास उभी होती."

नाव कसं पडलं

कच्चा मासा खाणं जपानमध्ये फार जुनं आहे, पण 'साशिमी' तितकी जुनी नाही. इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात सम्राट केइकोला शिंपल्यांचं 'नामासु' करून वाढल्याची कथा येते. नामासु म्हणजे बारीक चिरून आंबट रसात कालवलेलं कच्चं मांस किंवा मासा. ही पद्धत आणि तिची चिनी अक्षरखूण, दोन्ही चीनशी जोडलेली आहेत. कन्फ्यूशियसच्या काळातही बारीक चिरलेलं कच्चं मांस हे उत्तम खाणं मानलं जात होतं. पुढे चीनमध्ये ही सवय मागे पडत गेली, जपानमध्ये टिकली आणि बदलली.

टिकण्यामागे एक धार्मिक कारणही आहे. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मुने बौद्ध प्रभावाखाली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या काही महिन्यांसाठी बंदी घातली. अशा बंद्या पुढेही येत राहिल्या. त्या सगळीकडे काटेकोर पाळल्या गेल्या असं नाही, पण प्रतिष्ठित ताटातून चार पायांचं जनावर हळूहळू गेलं आणि मासा मधोमध आला.

'साशिमी' हा शब्द मुरोमाची काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या आसपासच्या नोंदींमध्ये दिसू लागतो. शब्दशः अर्थ 'टोचलेलं अंग'. कापलेल्या माशाला टोचलेलं का म्हणायचं? एक खुलासा असा की काप केल्यावर मासा कोणता ते ओळखू येत नाही, म्हणून त्याचाच पर किंवा शेपटी कापांत खोचून ठेवत. दुसरा खुलासा असा की सामुराईंच्या जगात 'कापणं' हा शब्द अशुभ होता, म्हणून तो टाळला. ओसाका-क्योटोकडे आजही 'त्सुकुरी' म्हणजे 'घडवलेलं' असं म्हणतात. तिथेही 'कापणं' नाहीच. आपण दुकान 'वाढवतो', कुंकू 'वाढवतो', 'मी येतो' म्हणून जातो. तसंच हे.

गंमत म्हणजे १३९९ सालची म्हणून दिली जाणारी साशिमीची एक जुनी नोंद समुद्राच्या माशाची नाहीच. ती कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाची आहे. राजधानी क्योटो समुद्रापासून दूर. उत्तरेकडच्या वाकासा किनाऱ्यावरून बांगड्याच्या जातीचा मासा मीठ लावून डोंगर ओलांडत आणत, तो रस्ता आजही 'साबा काइदो', म्हणजे त्या माशाचा रस्ता, म्हणून ओळखला जातो. ताजा म्हणजे जवळच्या तळ्यातला, नदीतला. म्हणून दरबारी ताटात कार्पला सर्वांत वरचा मान. आज जपानी गृहिणी नदीचा मासा कच्चा वाढताना दहा वेळा विचार करेल. परंपरा म्हणून जे समोर येतं, ते अशा उलथापालथीतून आलेलं असतं.

सुरीचं गाव

आपल्याकडे मासा विळीवर कापतात. पातं स्थिर, हात हलतो. साशिमीत मासा स्थिर आणि पातं हलतं. ते पातं एका बाजूनेच धार लावलेलं असतं. दुसरी बाजू जवळपास सपाट, किंचित खोलगट. त्यामुळे काप पात्याला चिकटत नाही आणि कापलेली कड काचेसारखी गुळगुळीत राहते. चिरडलेली कड पाणी सोडते, चव बिघडते. म्हणजे इथे सुरीच चुलीचं काम करते.

या सुऱ्यांचं गाव म्हणजे ओसाकाजवळचं साकाई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानमध्ये तंबाखू आणला. तंबाखूची पानं केसासारखी बारीक कापायला खास सुऱ्या लागू लागल्या आणि साकाईच्या लोहारांनी त्या बनवल्या. त्या इतक्या चांगल्या ठरल्या की तोकुगावा शासनाने त्यांना अधिकृत शिक्का दिला. त्याच लोहारकामातून पुढे स्वयंपाकाच्या सुऱ्या बहरल्या. साशिमीची लांब 'यानागिबा', म्हणजे विलोच्या पानासारखी सुरी, याच भागातली. टोकियोकडे चौकोनी टोकाची वेगळी सुरी चालते.

कापणाऱ्याचा मानही मोठा. जपानी भाषेत सुरीला 'होचो' आणि सुरी चालवणाऱ्या दरबारी आचाऱ्याला 'होचोनिन' म्हणत. त्यांची घराणी होती. शिजो घराणं आपली परंपरा नवव्या शतकापर्यंत मागे नेतं. त्यांच्या विधीत आचारी माशाला हात न लावता, फक्त सुरी आणि लांब काड्यांनी मासा कापतो. हा विधी आजही काही देवस्थानांत पाहायला मिळतो.

वाटीतला काळा रस

सोया सॉसशिवाय साशिमीची कल्पनाही आज करता येत नाही. पण अर्धा इतिहास तिच्याशिवाय गेला. १६४३ साली छापलेल्या 'र्‍योरी मोनोगातारी' या पाककलेच्या पुस्तकात साशिमीचं वेगळं प्रकरण आहे आणि माशागणिक वेगळे रस सांगितलेत. आलं घातलेला व्हिनेगर, मोहरी, मिसो आणि मुख्य म्हणजे 'इरिझाके'. तांदळाची दारू, खारवलेलं आंबट उमे फळ आणि सुकवलेल्या कात्सुओ माशाचा कीस एकत्र आटवून इरिझाके करत.

सोया सॉसचं राज्य आलं ते एदो शहर वाढल्यावर. एदो म्हणजे आजचं टोकियो. अठराव्या शतकात ते दहा लाखांच्या आसपास वस्तीचं, जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक झालं होतं. सुरुवातीला चांगला सॉस ओसाकाकडून जहाजाने येई. मग एदोच्या पूर्वेला नोदा आणि चोशी या गावांत गहू-सोयाबीन आंबवून गडद, झणझणीत सॉस बनू लागला. नदीमार्गे तो सहज राजधानीत पोहोचे, म्हणून स्वस्तही पडे. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याने बाजार जिंकला. नोदातल्या याच घराण्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन काढलेली कंपनी आज 'किक्कोमन' म्हणून जगाला माहीत आहे.

हा रस माशाबरोबर इतका का जुळतो, याचं उत्तर प्रयोगशाळेने नंतर दिलं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रसातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या कात्सुओमध्ये इनोसिनेट सापडलं. सोयामध्ये पहिलं भरपूर, माशात दुसरं. दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. एदोच्या सामान्य माणसाला रसायनशास्त्र माहीत नव्हतं. त्याची जीभ मात्र बरोबर होती.

एदोची गल्ली आणि ताट घेऊन निघालेला माणूस

एदोच्या निहोनबाशी पुलाजवळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून मासळी बाजार भरत असे. शोगुनच्या किल्ल्याला मासा पुरवून उरलेला शहरात विकायचा, अशी त्याची सुरुवात. तिथून कावड खांद्यावर घेतलेले फेरीवाले गल्लीबोळात जात आणि दारातच मासा कापून देत.

उन्हाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या पहिल्या कात्सुओसाठी (आपल्या किनाऱ्यावरच्या कुप्याच्या कुळातला मासा) एदोचे लोक वेडे होत. १८१२ मध्ये तिसरा नाकामुरा उताएमोन या काबुकी नटाने एक कात्सुओ ३ र्‍योला घेतल्याची नोंद आहे. सर्वांत खालच्या पायरीच्या सामुराई नोकराला वर्षाला ३ र्‍यो आणि एका माणसापुरता तांदूळ मिळे. एका माशात एका माणसाचा वर्षाचा रोख पगार!

पण नटाचा मासा हा एदोचा खरा इतिहास नव्हे. खरा इतिहास कितागावा मोरिसादा या माणसाने १८३७ पासून तीस वर्षं लिहिलेल्या टिपणांत आहे. तो लिहितो की एदोत साशिमी विकणाऱ्या टपऱ्या पुष्कळ आहेत आणि तिथे मुख्यतः कात्सुओ आणि ट्युना मिळतो. ओसाका-क्योटोत अशी दुकानं नाहीत. एदोत एकट्या पुरुष मजुरांची वस्ती मोठी, खोल्या चिंचोळ्या, चुलीला जागा कमी, आगीची भीती सतत. अशा माणसाने अख्खा मासा आणून काय करायचं? तो कापलेला घेऊन यायचा. दरबारी होचोनिनची कला इथे गरिबाच्या ताटलीत आली.

ट्युनाची कथा तर आणखी बोलकी आहे. मोठा मासा, लवकर बिघडणारा, म्हणून हलक्या प्रतीचा. त्याचं लाल मांस सोया सॉसमध्ये मुरवून खपवत. चरबीचा भाग, ज्याला आज 'तोरो' म्हणून सोन्याचा भाव मिळतो, तो तर टाकूनच देत. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असं त्याला म्हणत. 'शी' जपानी माणसानेही म्हटला होता, आपल्याच माशाला! बर्फ आला, चरबी खवट होण्याआधी पोहोचू लागली आणि त्याच भागाची किंमत उलटी झाली.

घरात कधी आली

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात निहोनबाशीचा बाजार जळाला. तो त्सुकिजीला हलला, तिथलं मोठं आवार १९३५ मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये बाजार तोयोसुला गेला. पण घरातल्या साशिमीसाठी या स्थलांतरांपेक्षा मोठी घटना वेगळीच आहे. ती म्हणजे थंडी.

१९५० च्या दशकात जपानी मध्यमवर्गाने टीव्ही, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांना गमतीने 'तीन पवित्र वस्तू' म्हटलं, राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंवरून. १९६५ मध्ये सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या समितीने शिफारस केली की मासा, मांस, भाजी पकडल्यापासून ताटापर्यंत थंडच राहिली पाहिजे, मधली साखळी तुटता कामा नये. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दहापैकी नऊ घरांत फ्रिज होता. याच काळात दूर समुद्रात जाणाऱ्या ट्युनाच्या बोटींवर उणे ५०-६० अंशांची शीतगृहं आली. साध्या बर्फात किंवा उणे २० अंशांतही ट्युनाचा लाल रंग तपकिरी होतो. एवढ्या थंडीत तो महिनोन्‌महिने टिकतो.

म्हणजे समुद्रापासून दूरच्या गावातल्या साध्या घरात एखाद्या मंगळवारी आईने साशिमी वाढणं ही प्राचीन परंपरा नाही. ती जेमतेम दोन पिढ्यांची गोष्ट आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या ताटलीतला केशरी काप, सामन, तर त्याहूनही नवा. जपानी लोक सामन शिजवूनच खात, कारण समुद्रातल्या रानटी सामनमध्ये कृमी असतात. उत्तरेतले ऐनू लोक तो गोठवून खात, तेवढा अपवाद. १९८५ च्या सुमारास नॉर्वेने आपला पाळीव सामन जपानला कच्चा खाण्यासाठी विकायची मोहीम सुरू केली. सुरुवातीला जपानी व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली. आज लहान मुलांचा तो सर्वांत आवडता.

विश्वास कशावर

कच्च्या माशाचा धोका खरा आहे. १९६० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हलकं खारवलेला हेरिंग मासा खाणाऱ्यांच्या पोटात उठणारा भयंकर शूळ 'अ‍ॅनिसाकिस' नावाच्या कृमीमुळे होतो. लवकरच जपानमध्येही रुग्ण ओळखले जाऊ लागले. हा कृमी व्हिनेगरने मरत नाही, लिंबाने नाही, जेवणापुरत्या मिठाने नाही, वासाबीनेही नाही. तो मरतो ते शिजवल्याने किंवा पुरेसं गोठवल्याने. जपानी सरकार उणे २० अंशांत २४ तास गोठवायला सांगतं. अमेरिकी नियम त्याच थंडीत सात दिवसांचा आहे. नदीच्या माशातले कृमी आणखी वाईट. जपानचा प्रसिद्ध खवय्या आणि कुंभार-कलावंत किताओजी रोसान्जिन १९५९ मध्ये यकृतातल्या कृमींमुळे झालेल्या आजाराने गेला. चवीचा उस्ताद असून!

आणि 'आमची परंपरा' म्हणून जपानने सगळंच चालवून घेतलं नाही. २०१२ मध्ये सरकारने गाईचं कच्चं यकृत वाढण्यावर सरळ बंदी घातली, कारण जंतूंपासून ते सुरक्षित करायचा मार्गच नव्हता. लोकप्रिय पदार्थ होता. तरी बंद केला.

बोटीवर माशाच्या मेंदूत टोचून त्याला क्षणात मारणारा आणि लगेच रक्त काढून टाकणारा कोळी, बर्फ, बाजारात कल्ले आणि डोळे तपासणारा दलाल, लेबल लावणारा दुकानदार, तपासणी करणारं खातं. विद्यार्थी म्हणाला की तिने काहीच शिजवलं नाही. खरं आहे, पण तिच्या आधी इतक्या हातांनी काम केलं होतं म्हणून तिला शिजवावं लागलं नाही. आपल्या मासळी बाजारात अम्मी कल्ले उघडून बघते, बोटाने दाबून बघते, वास घेते, आणि पुढचं हळद-मसाला-आगीवर सोपवते. आमच्या बाजारातला मासा त्या आगीसाठीच विकला जातो. म्हणून हे वाचून कुणी आठवडी बाजारातली सुरमई घरी आणून कच्ची कापायला घेऊ नये. कच्चं खाण्यासाठी म्हणून सांभाळलेला आणि गोठवलेला मासा नसेल, तर ती साशिमी नाही, निव्वळ जुगार आहे.

गोव्याहून गेलेला पाद्री

ताटलीचा हा इतिहास वाचताना एक माणूस मला वारंवार आठवत राहिला. लुईस फ्रोइश, पोर्तुगीज जेझुइट. १५४८ मध्ये तो गोव्यात आला. त्याच वर्षी गोव्यात अंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला होता. हाच अंजिरो पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरला घेऊन जपानला गेला. फ्रोइश स्वतः १५६३ मध्ये जपानला पोहोचला आणि मरेपर्यंत, १५९७ पर्यंत, बहुतेक काळ तिथेच राहिला.

१५८५ मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. युरोपीय असं करतात, जपानी तसं करतात, अशा जोड्यांची. खाण्याच्या भागात तो नोंदवतो की युरोपीयांना मासा शिजवलेला-भाजलेला रुचतो, जपान्यांना कच्चा जास्त आवडतो. बस, एवढंच. हा काही उदार माणूस नव्हता. जपानी धर्माबद्दल त्याची मतं कडवट होती. पण ताटापाशी येऊन त्याने 'शी' लिहिलं नाही. बरीच वर्षं त्या लोकांत जेवल्यावर त्याला एवढं कळलं असावं की आपलं 'स्वाभाविक' हेही एका गावचंच असतं.

माझं उत्तर

आता विद्यार्थ्याचा प्रश्न. त्यात कच्च्यापेक्षा मोठा प्रश्न न विचारता दडलेला होता, हलालचा. मी मुफ्ती नाही. शाळेत भाषा शिकवतो. पण जे सर्वमान्य आहे ते सांगू शकतो. समुद्राची शिकार हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये आलं आहे. माशाला जबह करावं लागत नाही आणि शिजवलाच पाहिजे अशी अटही नाही. अष्टपाद, माकूल, शिंपले यांवर मसलकांचा फरक आहे. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, अरबी गलबतांनी हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर जो मसलक नेला तो आमचा, आणि त्यात समुद्रातले जवळपास सगळे जीव चालतात. घाटावरचे आमचे हनफी भाऊ फक्त माशापाशी थांबतात. अडचण माशाची नाहीच, वाटीतल्या रसाची आहे. जपानी रसांत तांदळाची दारू किंवा गोड मिरिन मिसळलेली असू शकते. काही सोया सॉसमध्ये टिकण्यासाठी अल्कोहोल घालतात. हलाल प्रमाणपत्राचा सॉस जपानमध्येच बनतो, पण तो प्रत्येक घरात असेलच असं नाही.

हे सगळं मी त्याला लिहिलं. ते पोहोचेपर्यंत तिथलं जेवण आटोपलं होतं. मी विचारलं, "मग खाल्लंस का?"

तो म्हणाला, "हो सर. मित्राने आईला आधीच सांगितलं होतं की हा दारू घेत नाही. मी वाटीकडे हात नेला तर तिने थांबवलं. सॉसची बाटली आणली, चष्मा लावला, मागचं लेबल पूर्ण वाचलं, आणि मान हलवून नको म्हणाली. मग माझ्यासाठी मीठ आणि लिंबाची फोड आणून ठेवली. ताईचे पाच काप खाल्ले. गोडसर लागतो, सर."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या बाईंचा विचार करत राहिलो. माझा मजहब तिला माहीत नसेल, माझी भाषा माहीत नसेल. कुणीतरी सांगितलेल्या एका वाक्यावर तिने चष्मा लावून लेबल वाचलं. बी.एड.च्या त्या बाकावर मला एवढीच अपेक्षा होती. चटणी कुणी खावी अशी नाही, फक्त डब्यात काय आहे ते विचारावं.

पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात तो फोटो दाखवला. अपेक्षेप्रमाणे मागच्या बाकावरून "शी" आला. मी रागावलो नाही. फळ्यावर सहा शब्द लिहिले, मासा, सुरी, सॉस, वासाबी, बर्फ, लेबल, आणि म्हटलं, यातलं कुठलंही एक घ्या, ते या ताटलीत कसं आलं ते शोधून आणा. 'शी' म्हणायचंच असेल तर त्यानंतर म्हणा.